गाठीला पैसा, हाताला धंदा



आजचा पाठ पैशाविषयी आहे. पैसा कसा मिळवावा, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. ऊन-पावसात राबून तुम्ही तो मिळवता. पैसा कसा पुरवावा, हेही मी तुम्हाला काय सांगणार? तुमच्या घरची बाई थोड्या पैशांत आठवड्याचा बाजार कसा करते, ते भल्याभल्या कारकुनाला जमणार नाही.

मग आज शिकायचे काय? आज एकच गोष्ट पाहायची. गरीब घराच्या हाती थोडा पैसा सरळ आणि वेळेवर आला, तर त्या पैशाचे काय होते? तो खाऊन-पिऊन संपतो, की त्यातून घरचा काही धंदा उभा राहतो? यावर पारावर वाद पुष्कळ होतात. पण काही ठिकाणी हे प्रत्यक्ष करून पाहिले आहे. तिथे काय दिसले ते आपण वाचू. मग ज्याने त्याने आपल्या डोक्याने ठरवावे.

१. भांडवल म्हणजे काय?

भांडवल हा शब्द ऐकला की आपल्याला गिरणीमालक आठवतो. पण भांडवल गरिबाच्या घरीही असते. दारातली शेळी हे भांडवल आहे. कणगीत राखलेले बी हे भांडवल आहे. शिवणयंत्र, हातगाडी, सुताराचा रंधा, ही सारी भांडवलेच. ज्याच्या जोरावर उद्या चार पैसे मिळतात, ते आजचे भांडवल.

आता समजा, एका घरची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. मृगाचा पाऊस झाला. वाफसा आला. चार दिवसांत पेरणी उरकली पाहिजे. पण घरात बियाण्याला पैसा नाही. घरधनी दुकानदाराकडे जातो. दुकानदार म्हणतो, "ने की. पैसे सुगीला दे." रोखीने ४,००० रुपयांना मिळणारे बी आणि खत तो उधारीने ५,००० रुपयांना देतो. वर अट घालतो, "माल मात्र माझ्याच दुकानी घालायचा." सुगीला भाव तोच ठरवणार. काटाही त्याचाच.

हिशेब करू. ४,००० रुपयांवर चार महिन्यांत १,००० रुपये जास्त गेले. म्हणजे शंभराला २५ रुपये, तेही चार महिन्यांत. वर्षाचा हिशेब धरला तर शंभराला ७५ रुपये झाले! शिवाय भावात गेले ते वेगळे. मापात गेले ते वेगळेच.

या माणसाला शेती येत नव्हती का? येत होती. तो आळशी होता का? नव्हता. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी त्याची गत झाली. त्याच्याकडे अक्कल कमी नव्हती. ४,००० रुपये कमी होते, आणि तेही त्या चार दिवसांत. हेच पैसे दिवाळीला मिळाले असते तर पेरणीला त्यांचा काय उपयोग?

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात धरा. पैसा किती मिळाला, एवढेच पाहून चालत नाही. तो केव्हा मिळाला, हेही पाहावे लागते.

२. इंदूरजवळची गावे

आपल्या शेजारी मध्य प्रदेश आहे. तिथल्या इंदूर शहराच्या आसपासच्या खेड्यांत २०११ साली एक प्रयोग सुरू झाला. तो 'सेवा' या संघटनेने केला. स्वतःच्या कष्टावर पोट भरणाऱ्या स्त्रियांची ही संघटना इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत उभारली. भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायका तिच्या सभासद झाल्या. प्रयोगासाठी पैसा युनिसेफ या जागतिक संस्थेने पुरवला.

प्रयोग असा होता. आठ गावे निवडली. गावातल्या प्रत्येक माणसाला दरमहा पैसे द्यायचे. मोठ्या माणसाला २०० रुपये, लहान मुलाला १०० रुपये. वर्षभराने हे आकडे ३०० आणि १५० केले. मुलांचे पैसे आईच्या हाती द्यायचे. नवऱ्याचे पैसे नवऱ्याला, बायकोचे पैसे बायकोला. सुरुवातीला रोख दिले, मग खाती उघडून खात्यात घातले. पुढे भिल्ल लोकांच्या एका गावातही असाच प्रयोग वर्षभर केला.

नवरा, बायको आणि तीन मुले असे घर धरा. पहिल्या वर्षी त्या घराला दरमहा किती मिळाले? २०० आणि २०० मिळून ४००. मुलांचे ३००. एकूण ७०० रुपये. वर्षाचे ८,४०० रुपये. ही काही फार मोठी रक्कम नाही. तेवढ्यावर कोणाचे घर चालत नाही.

आणि अट काय होती? अट काहीच नव्हती. हे घ्या, ते घेऊ नका, असे कोणी सांगितले नाही. पावत्या मागितल्या नाहीत. पैसा तुमचा, विचार तुमचा.

शेतात आपण खत कसे पारखतो? एका वाफ्याला घालतो, शेजारच्या वाफ्याला घालत नाही. सुगीला दोन्ही वाफे पाहतो. इथेही तसेच केले. पैसे न मिळालेली १२ गावे शेजारी धरून त्यांचीही पाहणी केली. त्यामुळे पैशाने किती फरक पडला ते समजले.

३. लोकांनी काय केले?

पहिला फरक ताटात दिसला. पैसा मिळालेल्या घरांत भाजी, डाळ, अंडी जास्त येऊ लागली. लहान मुलांची वजने सुधारली. त्यातही मुलींची जास्त सुधारली. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हा तर खाण्याचा खर्च झाला. यात धंदा कुठे आला?" पण अर्धपोटी माणूस नांगर किती वेळ धरील? तापाने फणफणलेली बाई खुरपायला किती दिवस जाईल? गरिबाचे पहिले भांडवल म्हणजे त्याचे अंग. ते धड राहिले तर पुढचे सारे.

दुसरा फरक शेतात दिसला. लोकांनी बी आणि खत घेतले. दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाणारी माणसे आपल्या स्वतःच्या तुकड्यात जास्त राबू लागली. हे नीट समजून घ्या. ती माणसे काम टाळू लागली नव्हती. काम तेवढेच, पण धनी बदलला. आज संध्याकाळची चूल पेटवायची म्हणून माणूस रोजाला जातो आणि त्याच दिवशी त्याचे स्वतःचे शेत तणाने भरते. चुलीची थोडी सोय झाली की तो आपले तण आधी काढतो.

तिसरा फरक गोठ्यात दिसला. शेळ्या, कोंबड्या, गुरे वाढली. भिल्लांच्या गावात ही वाढ फार ठळक होती. शेळी ही गरिबाची बँक आहे, हे तुम्ही जाणताच. ती चरून येते, दूध देते, करडे देते. अडीअडचणीला बोकड बाजारात नेता येतो. कोणी शिवणयंत्र घेतले, कोणी लहानसे दुकान मांडले.

चौथा फरक सावकाराच्या वहीत दिसला. पैसा मिळालेल्या घरांचे कर्ज कमी होण्याकडे कल दिसला. नवे कर्ज काढण्याची पाळीही त्यांच्यावर कमी आली.

पाचवा फरक शाळेत दिसला. वरच्या वर्गांतली मुलींची हजेरी वाढली. मी शाळेत असताना दर जूनला एक गोष्ट पाहत असे. घरात पैसा तोकडा पडला की आधी मुलीचे नाव काढले जाई. आईबापांना मुलगी नकोशी होती म्हणून नव्हे. वह्या, कपडे, एस.टी.चे भाडे, हे दोघांचे जमत नसे, म्हणून. त्यामुळे इंदूरकडची ही हजेरी वाचून मला नवल वाटले नाही.

४. दारू आणि आळस

आता मोठी शंका. कोणी म्हणेल, "गुरुजी, फुकटचा पैसा पचत नाही. गडी तो दारूत घालील आणि खाटेवर पडून राहील."

शंका रास्त आहे. दारूने घरे बुडालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. म्हणूनच पाहणी करणाऱ्यांनी हे मुद्दाम तपासले. इंदूरकडच्या गावांत या पैशामुळे दारू वाढलेली दिसली नाही. पुढे केनिया देशाची हकिगत वाचू. तिथेही दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. आणखीही पुष्कळ देशांतल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा हेच आढळले.

असे का व्हावे? मला वाटते, कारण साधे आहे. जो पिणारा आहे तो पैसा नसतानाही पितो. उसने काढून पितो. बायकोची भांडी विकून पितो. त्याचे दुखणे निराळे, त्याला औषधही निराळे. पण एका पिणाऱ्याकडे बोट दाखवून बाकीच्या दहा घरांवर अविश्वास धरणे हा न्याय नव्हे. आणि श्रीमंताच्या घरी पैसा आला तर तो आळशी होईल, अशी काळजी आपण कधी करतो का?

५. केनियाचे गवती छप्पर

आता जरा लांब जाऊ. आफ्रिका खंडात केनिया नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिमेला व्हिक्टोरिया नावाचे फार मोठे सरोवर आहे. त्या बाजूची खेडी गरीब आहेत. लोक मका पिकवतात, गुरे-कोंबड्या पाळतात, मासे धरतात. मातीच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर, अशी कित्येक घरे. तिथला पैसा म्हणजे शिलिंग.

त्या देशात २००७ साली एक सोय झाली. तिचे नाव एम-पेसा. साध्या मोबाईलवरून पैसे पाठवायचे आणि घ्यायचे. बँक दूर असली तरी चालते. गावातल्या दुकानदाराकडे फोन दाखवून रोख पैसे मिळतात. 'गिव्हडायरेक्टली' नावाच्या संस्थेने या सोयीचा उपयोग केला. २०११ पासून तिने रारिएडा नावाच्या भागातल्या गवती छपरांच्या घरांना पैसे पाठवले. मधे कोणी मुकादम नाही, पुढारी नाही. पैसा सरळ त्या घराच्या फोनवर.

काही घरांना २५,२०० शिलिंग एकदम दिले. काही घरांना तेवढेच पैसे दरमहा २,८०० शिलिंग असे नऊ महिने दिले. काही घरांना याहून बरेच जास्त दिले. चिठ्ठ्या टाकाव्या तशी घरांची वाटणी केली, म्हणजे वशिला नको.

लोकांनी काय केले? पुष्कळांनी छपरावर पत्रे घातले. पत्रा ही चैन आहे का? ज्याने घर शाकारले आहे त्याला विचारा. गवत कुजते. पुन्हा पुन्हा नवे आणावे लागते. प्रत्येक वेळी पैसा आणि मजुरी जाते. पावसात धान्य भिजते. पत्रा एकदा घातला की हा खर्च वर्षानुवर्षे वाचतो. कर्ज फेडून जसे व्याज वाचते, तसेच हे. बाकीच्यांनी गुरे आणि कोंबड्या घेतल्या. शेती, जनावरे आणि लहान धंदे यांतून येणारा पैसा वाढला. घरातले खाणे सुधारले. मनाची काळजीही कमी झाली, असे लोकांनी सांगितले.

इथे एक गंमत सांगतो. काही घरांत पैसा नवऱ्याच्या हाती दिला, काही घरांत बायकोच्या. खर्चात मोठा फरक पडेल, असे पुष्कळांना वाटत होते. तसा फारसा फरक आढळला नाही. म्हणून बाईच्या हाती पैसा देऊ नये असे मात्र समजू नका. तिच्या नावावर पैसा असणे हा तिचा मान आहे, आणि अडचणीत तिचा आधारही आहे.

पुढे याच बाजूच्या सियाया जिल्ह्यात आणखी मोठा प्रयोग झाला. ६५३ गावे पाहणीत धरली. २०१४ ते २०१७ या काळात सुमारे १०,५०० घरांना प्रत्येकी १,००० अमेरिकन डॉलरांच्या आसपास रक्कम दिली. तिथल्या गरीब घराला ही रक्कम मोठीच.

आता दुसरी शंका. "इतका पैसा गावात आला तर दुकानदार भाव वाढवतील. ज्याला मिळाला नाही तो मरेल." तेही तपासले. बाजारात जाऊन भाव लिहून घेतले. भाव वाढले, पण अगदी नावापुरते. उलट, ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांचेही बरे झाले. ते कसे?

असे पाहा. एका बाईने पत्रे घेतले. दुकानदाराला चार पैसे सुटले. पत्रे ठोकणाऱ्याला मजुरी मिळाली. त्याने त्या पैशांची भाकरी-भाजी घेतली. भाजीवालीने मुलाला चपला घेतल्या. पैसा एकच, पण तो इतक्या हातांतून फिरला. हिशेब मांडणाऱ्यांना आढळले की बाहेरून आलेल्या एका शिलिंगामुळे त्या भागातली एकूण उलाढाल सुमारे अडीच शिलिंगांनी वाढली. साचलेले पाणी डबक्यात राहते, पाटाला सोडलेले पाणी चार वावरे भिजवते.

६. हप्ता बरा, की एकदम रक्कम?

केनियात आणखी एक गोष्ट दिसली. दरमहा पैसे मिळालेल्या घरांत खाण्याची ददात कमी झाली. एकदम रक्कम मिळालेल्या घरांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. हे साहजिकच आहे. २,८०० शिलिंगांत छप्पर होत नाही, आणि एकदम मिळालेली रक्कम रोजच्या मिठा-मिरचीसाठी कोणी मोडत नाही.

म्हणजे हप्त्याने पोट सांभाळले जाते आणि एकदम रकमेने धंदा उभा राहतो. मग दरमहा पैसे मिळणाऱ्याने काय करावे? आपल्या बायकांना याचे उत्तर ठाऊक आहे. त्या भिशी लावतात. दहाजणी दरमहा ५०० रुपये काढतात. दरमहा एकीला ५,००० रुपये मिळतात. थोडा थोडा पैसा गोळा होऊन शेळी घेण्याजोगी रक्कम होते. केनियातही बायकांचे असे गट आहेत. तिकडे त्याला 'चामा' म्हणतात. देश दूर, भाषा निराळी, पण युक्ती तीच!

७. पैशाने काय होत नाही?

पाठ एकांगी होऊ नये म्हणून हेही सांगतो. पैसा सर्व काही करीत नाही.

शेळी घेतली, पण गुरांचा डॉक्टर येत नसेल, तर एका साथीत गोठा रिकामा होतो. भाजी पिकवली, पण पावसाळ्यात रस्ता बंद असेल, तर ती शेतातच सडते. विहिरीला पाणी नसेल, तर खताचा पैसा मातीत जातो. मास्तर शाळेत येत नसेल, तर वह्या घेऊन उपयोग काय? रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा या गोष्टी एकट्याच्या पैशाने होत नाहीत. त्या सर्वांनी मिळून, सरकारकडून करून घ्याव्या लागतात. "तुम्हाला पैसे दिले, आता दवाखाना मागू नका," असे कोणी म्हणाले तर ते मानू नका.

दुसरे असे की एकदा मिळालेला पैसा जन्माला पुरत नाही. केनियाच्या शेजारी युगांडा देश आहे. तिथल्या सरकारने २००८ साली उत्तर भागातल्या तरुणांच्या गटांना पैसे दिले. त्यांनी शिवणकाम, सुतारकाम असे धंदे शिकून हत्यारे घेतली. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांहून पुष्कळ जास्त होती. पण नऊ वर्षांनी पाहिले तर बाकीच्यांनीही कमाईत त्यांना गाठले होते. म्हणजे पैशाने गाडीला धक्का मिळतो. पुढची वाट मात्र चालावीच लागते.

तिसरे असे की काहींना मिळाले आणि काहींना नाही, तर मने कडू होतात. केनियातही हे दिसले. शेजाऱ्याच्या घरावर पत्रा चढला तेव्हा ज्याला मिळाले नाही त्याचे समाधान काही काळ कमी झाले. इंदूरकडे गावातल्या सर्वांनाच पैसे मिळाले, म्हणून तिथे हा प्रश्न आला नाही. यादी करताना नावे कोणाची घातली आणि कोणाची गाळली, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचले गेले पाहिजे, ते याचसाठी.

८. आपल्या खात्यातला पैसा

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्या देशात सरकारी मदत सरळ खात्यात घालण्याची पद्धत १ जानेवारी २०१३ पासून सुरू झाली. २०१९ साली शेतकऱ्यांसाठी पीएम-किसान योजना निघाली. तिच्यात वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत देण्याचे ठरले. २०२४ साली महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना निघाली. तिच्यात बाईच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये घालण्याचे ठरले. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी यांतले काही ना काही आले असेल.

हा पैसा भीक नाही. तो कोणा पुढाऱ्याच्या खिशातला नाही. तुम्ही काड्यापेटी घेता, साबण घेता, तेव्हा त्यावर कर भरता. सरकारी खजिन्यात तुमचाही पैसा आहे. म्हणून मदत घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

पण पैसा खात्यात आला म्हणजे हाती आला असे नाही. मधे एक यंत्र असते, एक माणूस असतो. इथे तुमचे वाचन कामाला येते. पुढील पाच गोष्टी पाळा.

पहिली गोष्ट. पासबुक स्वतःजवळ ठेवा. दर दोन महिन्यांनी त्यात नोंद करून घ्या. 'जमा' म्हणजे आलेले, 'नावे' म्हणजे गेलेले, 'शिल्लक' म्हणजे उरलेले. हे तीन रकाने वाचता आले की अर्धी लढाई जिंकली.

दुसरी गोष्ट. यंत्रावर अंगठा लावण्याआधी रक्कम वाचा. अंगठा म्हणजे तुमची सही. "यंत्र चाललं नाही, पुन्हा लावा," असे कोणी म्हणाले तर आधी विचारा, "पहिल्यांदा पैसे गेले का?"

तिसरी गोष्ट. पैसे काढल्यावर पावती मागा. पावती न देणाऱ्याला नम्रपणे, पण दोनदा मागा.

चौथी गोष्ट. फोनवर आलेला आकडा, म्हणजे ओटीपी, आणि कार्डाचा गुप्त आकडा कोणालाही सांगू नका. बँक तो फोनवरून कधी विचारीत नाही.

पाचवी गोष्ट. पैसा येण्याच्या आधीच घरात बसून बोला. नवरा-बायकोने दोघांनी बोला. शिकणाऱ्या मुलांनाही जवळ बसवा. आधी पोट आणि औषध. मग जे कर्ज सर्वांत महाग आहे ते. मग ज्यातून चार पैसे परत येतील ते. लग्नाचा मांडव सर्वांत शेवटी. ठरलेले वहीत लिहा. लिहिलेले सहसा मोडत नाही.

इंदूरच्या बाईने आणि केनियाच्या बाईने आपापल्या घरी जे केले, ते कोणी पंडिताने शिकवलेले नव्हते. काय करायचे हे त्यांना आधीच ठाऊक होते. कित्येक वर्षे मनात होते, फक्त हात रिकामा होता. तुमच्याही मनात असे काही असेलच. ते आज वहीत लिहून ठेवा. एक ओळ लिहिली तरी पुरे.

अभ्यास

नवे शब्द वाचा आणि वहीत लिहा: भांडवल, उधारी, हप्ता, जमा, शिल्लक, उलाढाल.

उत्तरे द्या.

१. मृगाच्या पावसानंतर मिळालेले ४,००० रुपये आणि दिवाळीला मिळालेले ४,००० रुपये यांत काय फरक आहे?

२. इंदूरकडची माणसे मजुरीवर कमी आणि स्वतःच्या शेतात जास्त का राबू लागली?

३. गवताच्या जागी पत्रा घालणे हा खर्च आहे की भांडवल? तुमचे कारण सांगा.

हिशेब करा.

४. नवरा, बायको आणि चार मुले. मोठ्या माणसाला ३०० रुपये, मुलाला १५० रुपये. त्या घराला दरमहा किती मिळतील? वर्षाला किती?

५. सावकाराकडून १,००० रुपये काढले. व्याज महिन्याला शंभरास ५ रुपये. सहा महिन्यांचे नुसते व्याज किती होईल? तेवढ्या पैशांत तुमच्या बाजारात काय काय आले असते?

६. आपले पासबुक उघडा. शेवटची तीन जमा आणि त्यांच्या तारखा वहीत उतरवा. एखादी नोंद समजली नाही तर तिच्यासमोर खूण करा आणि उद्या बँकेत जाऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. पैसा तुमचा आहे.